शनीची थरथर

दुर्बिणीची गोष्ट म्हणल्यावर तुम्ही आता मान वर करून बसला असाल. वाटलं असंल, ह्यो गडी आता काळंभोर आभाळ, चमचमत्या चांदण्या, विश्वाचा पसारा आन् त्यात आपण किती बारीक, असलं कायतरी ऐकवणार. मान खाली घ्या, अवघडंल. ही गोष्ट टेपरेकॉर्डरच्या एका मोटरची हाय, पत्र्याच्या नळकांड्याची हाय आन् सायकलच्या फाटक्या ट्यूबांची हाय. आभाळ हाय मधी थोडं, पण ते आयतंच व्हतं म्हणून घेतलं.

आन् सांगणारा शास्त्रज्ञ-बिस्त्रज्ञ असंल म्हणून सावरून बसला असाल तर तेही सोडा. मी नकल्या. एसटी चढाला लागल्यावर कशी कण्हती, पिठाची गिरणी बंद व्हताना कसा जीव सोडती, दौंड ठेसनावरची बाई "कृपया ध्यान दीजिए" म्हणताना मधीच कशी श्वास घेती, हे सगळं मला तोंडानं येतं. माणसांचे आवाज तर विचारूच नका. निमोण्यात आमच्या वस्तीवर कुणाचं बारसं असो का लग्न, जेवणं झाली की मला मधी उभा करायचे. लोक पोट धरून हसायचे आन् वर म्हणायचे, "ह्या पोराचं काय खरं न्हाई."

दहावी झाल्यावर मी दौंडला आयटीआयला लागलो, टर्नर ट्रेडला. ऱ्हायलो मामाकडं, रेल्वेच्या क्वार्टरमधी. मामा गाड्यांचे डबे तपासायच्या खात्यात. गाडी येऊन उभी ऱ्हायली की हा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा आन् एकेका चाकावर ठोका मारून कान द्यायचा. चांगलं चाक टण्णकन वाजतं. तडा गेलेलं थप्प करतं. मामा म्हणायचा, "लोकांचा नाडीवर हात, माझा चाकावर कान."

दुर्बिणीचं खूळ लागलं ते दोन हजार सालाच्या पुढं दोन-तीन वर्षांनी. पुण्यात आकाश बघणाऱ्यांचं एक मंडळ व्हतं, तिथं मी चार रविवार जाऊन आरसा घासायला शिकलो. सहा इंची दोन गोल काचा, मधी वाळूसारखी पावडर आन् पाणी. एक काच पिंपावर ठेवायची, दुसरी तिच्यावर घासायची आन् घासता घासता पिंपाभोवती गोल फिरायचं. तीन महिने फिरलो. मामी म्हणायची, "एवढ्या फेऱ्या एखाद्या पोरीच्या घराभोवती मारल्या असत्यास तर लग्न तरी जमलं असतं." पण आरसा झाला. मी केला, माझ्या हातानं. धान्याच्या कोठ्या करणाऱ्या पत्रेवाल्याकडनं चार फुटी नळकांडं करून घेतलं, आतनं काळं रंगवलं, तळाला आरसा बसवला, वरच्या तोंडापाशी बाजूला डोळा लावायचं भिंग बसवलं, आन् क्वार्टरच्या अंगणात नळाच्या पाइपाच्या स्टँडवर ते धूड उभं केलं. पहिल्यांदा शनी दिसला तवा मी मामीच्या आवाजात किंचाळलो, आन् मामी आतनं माझ्यावर किंचाळली.

कडं दिसलं. खरंखुरं कडं, शनीच्या भवती. मी त्याच रविवारी गावी जाऊन वस्तीवर सगळ्यांना सांगितलं. झालं, लोक हसायला लागले. त्यांना वाटलं नवीन नक्कल हाय.

जयंतीची मीटिंग त्याच आठवड्यात विहारात व्हती. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कॅनॉलवर पाटकरी. घड्याळ बघून पाणी सोडायचं आन् घड्याळ बघून बंद करायचं, असा माणूस. समितीत व्हते, पण पाच-सहा वर्षांत मीटिंगला तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी उघडलं. म्हणाले, "जयंतीच्या दुसऱ्या दिवशी गायन पार्टीच्या आधी एक तास द्या. पोरगं समद्यांना शनी दाखवंल."

समितीचे अध्यक्ष म्हंजी नोकरीतनं रिटायर झालेले, जाडजूड आवाजाचे गृहस्थ. प्रत्येक वाक्याच्या आधी "हां, तर." ते म्हणाले, "हां, तर तुमचं पोरगं नकल्या हाय. नळकांड्यात बल्ब लावंल आन् शनी म्हणून दाखवंल. लोक हसतील आपल्याला."

दादा म्हणाले, "एक तास द्या. शनी दिसला न्हाई तर म्या ह्या समितीत परत बसणार न्हाई."

दादांसाठी ती समिती काय व्हती ते मला ठाऊक. दिवसभर कॅनॉलच्या कडंनं एकटं फिरणारा माणूस. चार लोकांत मान असायचा अशी तेवढीच एक जागा. आन् ती त्यांनी माझ्या नळकांड्यावर लावली. मी मीटिंगच्या बाहेर चपलांजवळ उभा राहून हे ऐकलं आन् पहिल्यांदा आयुष्यात मला कुणाचा आवाज काढावासा वाटला न्हाई.

आता अडचण ऐका. आपली पृथ्वी फिरती, त्यामुळं दुर्बिणीत शनी धरला तरी तो मिनिटभरात सरकून बाहेर जातो. एकटं बघताना हातानं नळकांडं ढकलत राहायचं, काय वाटत न्हाई. पण वस्तीवरची अडीचशे-तीनशे माणसं लाईनीत. त्यात म्हाताऱ्या. एकेकीला डोळा कुठं लावायचा हे सांगंपर्यंत शनी पसार. तासात वीस माणसं झाली नसती. म्हंजी नळकांडं आपोआप सरकायला पायजे. म्हंजी मोटर पायजे.

ते मी केलं. आयटीआयच्या लेथवर एका गजाला बारीक आटे पाडले. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर घेतली, तिचा वेग कमी करायला खेळण्यातल्या गाड्यांची दातेरी चाकं लावली. मोटर नळकांड्याच्या पोटाखाली पट्टीवर बोल्टानं बसवली. मोटर गज फिरवायची, गज स्टँडला रेटायचा, आन् नळकांडं आभाळाच्या चालीनं सरकायचं. मास्तरांनी गज बघून इतर पोरांना दाखवला, म्हणाले, "असे आटे पाडायचे." ते वाक्य मी त्यांच्याच आवाजात महिनाभर सगळ्यांना ऐकवलं.

सेल जोडला. शनी सरकायचा थांबला. मधोमध उभा. पण काय उभा! लगीनघरातल्या बँडपुढं पोरगं नाचतं तसा. एका शनीचे तीन दिसत व्हते आन् कड्याचं नुसतं पिठलं. मोटर बंद केली की शांत. चालू केली की अंगात आलं.

मामाला दाखवलं. मामानं डोळा लावला, लगेच काढला आन् म्हणाला, "हलतंय. आवळ."

रेल्वेच्या माणसाला हे एकच औषध माहीत. हलतंय? आवळ. वाजतंय? आवळ. गळतंय? आवळ. मामानं खात्यातला पाना आणला. बोल्ट आवळले. शनी जास्तच नाचायला लागला. मामानं स्प्रिंगचे वायसर टाकले, परत आवळले, नटावर नट बसवले. मग पट्टीखाली लोखंडाचं पॅकिंग ठोकलं आन् असं आवळलं की पत्र्याला खळगा पडला. आता शनी दिसायचाच बंद झाला, नुसता उजेडाचा धुरळा. मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आता डब्याखाली घातलं तरी सुटायचं न्हाई." खरं व्हतं ते. सुटत नव्हतं, म्हणूनच तर घोटाळा व्हता. पण ते आम्हाला तवा कुठं कळतंय. आठ दिवस आम्ही दोघं रोज संध्याकाळी आवळत व्हतो, आन् जयंती दहा दिवसांवर.

मग एके दिवशी सेल संपला. दुकानात जायचा कंटाळा आला म्हणून मी मोटरीशिवाय नुसता हातानं शनी धरून बघत बसलो. शनी कसा, ताटात ठेवलेल्या लाडवासारखा शांत. स्वयंपाकघरातनं मामीनं इचारलं, "काय म्हणती रं तुझी मोटर?"

मी काय सरळ उत्तर देणार? डोळा तसाच दुर्बिणीला, तोंड नळकांड्याच्या वरच्या भोकाशी, आन् मी मोटरीचा आवाज काढला, "घुंऽऽऽऽ."

शनी थरथरला.

मी गप. शनी गप. परत "घुंऽऽऽ." परत थरथरला. मोटर बंद व्हती! सेलच नव्हता! मी मग गिरणी काढली, शनी हलंना. एसटी काढली, हलंना. ठेसनावरची बाई काढली, तिच्याकडं तर त्यानं बघितलंही न्हाई. "घुं" जरा वर नेला, शांत. जरा खाली आणला, शांत. बरोबर मोटरीच्या सुरावर आणला की अंगात आलंच. आन् पत्र्यावर हात ठेवला तर हाताला मुंग्या.

मामा ड्यूटीवरनं आला तर मी त्याला चपला काढू दिल्या न्हाईत. "मामा, डोळा लावा."

"मोटर बंद हाय की."

"लावा तर." आन् मी सूर लावला.

"आयला!" मामा मागं सरकला. परत डोळा लावला. "परत कर." केलं. "आता गप." गप झालो. "आता कर." असं त्यानं माझ्याकडनं दहा वेळा करून घेतलं. मामी दारात येऊन म्हणाली, "भाच्याचं ठीक हाय, तुमाला काय झालं?"

मामानं आत जाऊन हातोडी आणली, दांड्याच्या टोकानं नळकांड्याला हळूच ठोका मारला आन् कान दिला. टण्णऽऽ. किती तरी वेळ वाजत व्हतं. मामाचा चेहरा तसा मी त्याच्या नोकरीतही बघितला नव्हता.

"आपण येडे हाय," तो म्हणाला. "ह्या पत्र्याचा सोताचा सूर हाय, आन् मोटरीचा सूर तोच हाय. ती गुणगुणली की ह्यो गातो. आन् आपण काय केलं? दोघांना नटबोल्टानं एकमेकांच्या गळ्यात बांधलं."

पंचवीस वर्षं हा माणूस चाक टण्णकन वाजावं म्हणून जीव टाकत व्हता. आता त्यालाच नळकांड्याचा आवाज मारायचा व्हता. पण एकदा कळल्यावर मामा ऐकतो व्हय? पंक्चरच्या दुकानातनं आम्ही टोपलंभर फाटक्या ट्यूबा आणल्या. उभ्या चिरल्या, सोल्युशन लावून नळकांड्याच्या आतनं चिकटवल्या. बाहेरनं काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली. दर वीतभर झालं की मामा ठोका मारायचा. टण्णचं टण झालं, टणचं टक झालं, आन् तिसऱ्या दिवशी थप्प. पिकल्या भोपळ्यावर मारल्यासारखं.

मामा खूश. म्हणाला, "असलं चाक सापडलं असतं तर म्या गाडी सोडली नसती."

मग मोटर. तिचे सगळे बोल्ट काढून टाकले. हे काम मामाला जड गेलं. एकेक नट काढताना तो माझ्याकडं असा बघायचा जसं काय मी त्याला चोरी करायला लावतोय. मामीच्या कुकरची जुनी रिंग कापून तिचे चार तुकडे मोटरीखाली ठेवले आन् वरनं ट्यूबच्या पट्टीनं मोटर झोळीत बाळ ठेवतात तशी बांधली. हातानं हलवली तर डुलायची.

"पडंल," मामा म्हणाला.

"न्हाई पडत."

"जरा आवळू?"

"मामा!"

नवा सेल जोडला. मोटर गुणगुणायला लागली. मी डोळा लावला. शनी मधोमध, कडं सुरीनं कापल्यासारखं, शनीच्या आन् कड्याच्या मधल्या काळ्या फटीसकट. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, पाच झाली. हलला न्हाई. मी तोंड भोकाशी नेऊन जोर लावून "घुंऽऽ" केलं. ढिम्म. त्या क्षणाचा जो माज मला आला तो अजून उतरला न्हाई, आन् उतरू पण नये. काच मी घासली, आटे मी पाडले, आन् रोग माझ्या नकलेनं सापडला. ज्या तोंडाला सगळे वाया गेलेलं म्हणायचे त्या तोंडानं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीच्या टपावर नळकांडं चढवलं. कंडक्टर म्हणाला, "तोफ हाय का ही?" मी म्हणलं, "व्हय, निमोण्यावर चाल करून निघालोय." मामा पण आला, हातोडी घेऊन. कशाला तर म्हणाला, "असावी."

संध्याकाळी साडेसातला विहारापुढच्या मैदानात दुर्बीण लावली. मैदानातले बल्ब बंद करायला लावले. दादा एका बाजूला हाताची घडी घालून उभे. अध्यक्ष खुर्चीत. स्टेजवर गायन पार्टी पेटीचे सूर जुळवीत.

पहिली आमच्या शेजारची म्हातारी. तिनं डोळा लावला. दादांनी हाताची घडी सोडली, परत घातली. म्हातारी म्हणाली, "आगं बया, ह्यानं तर चुंबळ घातलीया!" डोक्यावर हंडा घेताना बाया कापडाची गोल चुंबळ ठेवतात ना, ती. एवढं सोपं मला महिनाभर सुचलं नव्हतं. ते ऐकल्यावर लाईन अशी वाढली की मागचं टोक दिसंना.

गावठाणातली शेतकरी मंडळी पण आली. टोमॅटोवाले एक आप्पा दुर्बिणीजवळ येऊन थांबले, डोळा लावंनात. हळूच म्हणाले, "मला साडेसाती चालू हाय. बघितल्यावर काय व्हत न्हाई ना?"

मी म्हणलं, "आप्पा, तो आपल्याकडं बघत न्हाई, आपण त्याच्याकडं बघतोय. घाबरायचं त्यानं."

आप्पांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "एवढासाच हाय की," म्हणाले, आन् हसत गेले.

अध्यक्ष आले. हात पाठीमागं बांधून वाकले. "हां, तर," म्हणाले आन् पुढं काहीच न्हाई. मान वर करून आभाळातली चांदणी बघितली, परत डोळा लावला. मग नळकांड्याच्या तोंडातनं वाकून आत बघितलं, बल्ब हाय का म्हणून. न्हाई सापडला. गेले आन् परत लाईनीच्या मागं उभे राहिले. मी दादांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत व्हते, पण त्यांची मान कधी एवढी ताठ बघितली नव्हती.

साडेआठ झाले. तास संपला. लाईनीत अजून शंभर तरी माणसं. पार्टीवाले स्टेजवरनं "अहो, कधी सुरू करायचं?" म्हणून वराडायला लागले. लाईनीतल्या बाया म्हणाल्या, "आमी न्हाई हलत." दादा घड्याळ बघून माझ्याकडं यायला निघाले, ते दुर्बीण बंद करायलाच, हे मला कळलं. आन् नेमका अध्यक्षांचा दुसऱ्यांदा नंबर आला व्हता. ते वाकलेले, डोळा लावलेला.

मी दुर्बीण मामाच्या हवाली केली आन् अंधारातनं माइककडं गेलो. दोनदा टकटक केलं, जसं अध्यक्ष करतात.

"हां, तर बंधू-भगिनींनो. गायन पार्टीला समितीच्या वतीनं चहा आन् गरम भजी. गाण्याचा कार्यक्रम साडेनऊला सुरू व्हईल. हां, तर लाईन मोडू नये."

टाळ्या. पार्टीवाले पेट्या झाकून उठले. आन् दुर्बिणीपाशी अध्यक्ष वाकल्या वाकल्याच म्हणाले, "आरं, म्या हितं हाय, मग तिकडं कोण बोलतंय?"

आख्खं मैदान फुटलं. अध्यक्षांनी मान वर केली, इकडं तिकडं बघितलं, आन् आपला नंबर जाईल म्हणून परत डोळा लावला. मामा म्हणतो, तेही हसत व्हते, खांदे हलत व्हते त्यांचे. शनी मात्र हलला न्हाई.

आईला आन् चार बायांना चुली पेटवून घाईघाईनं भजी तळावी लागली. लाईन संपली तवा साडेनऊला पाच कमी व्हते. पेटी वाजायला लागली, लोक सतरंजीवर बसले, आन् मी वायर गुंडाळीत व्हतो तवा दादा आले. मला वाटलं पाठीवर थाप पडणार. मी पाठ जरा पुढंच केली.

"इकडं ये," म्हणाले. विहाराच्या मागं नेलं.

"म्या किती वेळ मागितला व्हता?"

"एक तास."

"किती घेतलास?"

"दोन. पण दादा, लोकांनाच—"

"लोकांचं सांगू नगं. लोकांना दिसला, लई झ्याक दिसला, म्या पण बघितला. ते न्हाई इचारत तुला. म्या चार माणसांत तोंड उघडून तास मागितला. वाढवून पायजे व्हता तर मला सांगायचं. म्या येत व्हतो ना तुझ्याकडंच? म्या जाऊन मागितला असता. अध्यक्षांनी न्हाई म्हणलं असतं तर न्हाई. दिला असता तर माझ्या शब्दावर दिला असता. तू काय केलंस? चोरून त्यांच्या तोंडानं सोतालाच दिलास. त्या माणसाला समद्या वस्तीपुढं येडा केलास, ते बी तो तुझाच शनी बघायला वाकलेला असताना. आन् तुझी आय तिकडं धुरात बसली भजी तळत. तिला इचारलं व्हतंस का?"

हातातली वायर मी उगीच परत गुंडाळायला लागलो.

"उद्या सकाळी सहाला अध्यक्षांच्या दारात जायचं. माफी मागायची. आन् तिथं कुणाचा आवाज काढलास तर बघ. कळलं का?"

"व्हय, दादा."

"मोठ्यानं बोल."